डाळीला कात्री नको

महिन्याचे बजेट आवळायची वेळ आली की स्वयंपाकघरात कात्री पहिल्यांदा कुठे लागते, हे नीट पाहावे. चहा सुटत नाही, साखर सुटत नाही, तेलाचा डबा येतोच, मुलांच्या हट्टाचे पुडेही येतात. कमी होते ती डाळ. वरणात पाणी वाढते, आठवड्यातून तीनदा होणारी उसळ एकदाच होऊ लागते, पालेभाजी कडाडली म्हणून बटाट्यावर भागवले जाते आणि दुपारचे ताक बंद होते. पोळी आणि भात यांत कपात नसल्यामुळे पोट मात्र भरते, आणि पोट भरले म्हणून काही बिघडले आहे असे कोणाला वाटत नाही. ही कात्री उलट्या बाजूने चालते आहे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. बडोद्यासारख्या शहरात मराठी आणि गुजराती अशा दोन जुन्या, काटकसरी स्वयंपाकपद्धती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. इथे थोडक्या पैशांत सकस जेवण सहज शक्य आहे. त्यासाठी डाळ, पालेभाजी आणि दूध-ताक यांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढावेत आणि बाकीचा किराणा उरलेल्या पैशांत बसवावा.

चुकीच्या कपातीचे परिणाम आकड्यांत दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) गुजरातमधल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ६५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ७९.७ टक्के होते. महाराष्ट्राचे आकडे थोडे बरे असले तरी समाधान मानावे असे नाहीत: स्त्रियांत ५४.२ टक्के आणि मुलांत ६८.९ टक्के. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या या मोजणीच्या अचूकतेबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत. तरी त्यातली एक बाब डोळ्याआड करता येत नाही. देशातल्या सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यातल्या स्त्रियांतही निम्म्याच्या आसपास स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. पैसा हेच एकमेव कारण असते, तर सधन घरांत हा आजार नावालाच उरला असता. गरिबीचा वाटा मोठा आहेच, पण ताटात काय पडते आणि कोणाच्या ताटात किती पडते, हेही तितकेच मोठे कारण आहे.

कमीत कमी पैशांत पूर्ण पोषण कसे मिळेल, हा प्रश्न १९४५ साली जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने गणित म्हणून मांडला. पुढे १९८२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी ७७ खाद्यपदार्थ आणि त्यांच्या १९३९ सालच्या किमती घेतल्या, नऊ पोषकघटकांची गरज ठरवली आणि एका प्रौढ पुरुषाची ही गरज सर्वांत स्वस्तात भागवणारी यादी शोधली. उत्तरात पाचच पदार्थ उरले: गव्हाचे पीठ, सुकवलेला पांढरा घेवडा, कोबी, पालक आणि आटवलेले दूध. वर्षाचा खर्च निघाला ३९ डॉलर ९३ सेंट. हे पाच पदार्थ नीट पाहिले तर एक धान्य, एक कडधान्य, दोन भाज्या आणि दूध अशी ही मांडणी आहे. आपल्याकडे भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक असे जेवण ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले, त्यांनी गणित न मांडता हेच उत्तर गाठले होते. या यादीतले दूध तर आणखी महत्त्वाचे ठरते. बी-१२ जीवनसत्त्व वेगळे काढले गेले १९४८ साली, म्हणजे स्टिग्लर यांच्या हिशेबात ते असणे शक्यच नव्हते. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. अंडी-मासे न खाणाऱ्या घरात त्याचा भरवशाचा स्रोत दूध, दही आणि ताक हाच असतो. बडोद्यात शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. तिथे दूधदुभते चैनीत धरून बंद केले, तर वाचलेले पैसे पुढे औषधांत जातात.

स्वस्त जेवणाने प्रथिने पुरत नाहीत, ही समजूत आता जाहिरातींनी घरोघर पोचवली आहे. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवरही जगावर प्रथिनांच्या टंचाईचे संकट येत असल्याची चर्चा जोरात होती. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा रोममध्ये अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. भारतातल्या आहारांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले की, आपले नेहमीचे धान्य-डाळीचे जेवण पोटभर मिळाले तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते. त्यांच्या मते खरी उणीव एकूण अन्नाची होती. सुखात्म्यांचे म्हणणे आजही घरच्या हिशेबात ताडून पाहता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. अडीचशे ग्रॅम गहू-बाजरीतून सुमारे २६ ग्रॅम, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यांतून १८ ग्रॅम आणि ३०० मिलिलिटर दुधातून १० ग्रॅम मिळाली, की बेरीज ५४ होते. धान्यातली प्रथिने शरीराला थोडी कमी लागू पडतात, तेवढी तूटही यात भरून निघते. डब्यातली पावडर घेण्याची गरज कुठेच पडत नाही. मात्र डाळ २५ ग्रॅमवर आणून दूध बंद केले, तर धान्य शंभर ग्रॅमने वाढवूनही बेरीज ४२च्या वर जात नाही. शिवाय धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते भरून काढणारी डाळच ताटातून गेलेली असते.

बाजारात उभे राहून ठरवताना भावापेक्षा त्या भावात काय मिळते, हे पाहावे. वीस ग्रॅम प्रथिने हवी असतील तर तूरडाळ साधारण ९० ग्रॅम लागते, हरभरे १०५ ग्रॅम, मटकी १०० ग्रॅम, शेंगदाणे ८५ ग्रॅम, सोयाबीनच्या वड्या ४० ग्रॅम, अंडी तीन, दूध ६०० मिलिलिटर, पनीर १०५ ग्रॅम आणि बदाम ११० ग्रॅम. भाव दर आठवड्याला बदलतात, हे आकडे बदलत नाहीत. हाथीखान्यातल्या धान्यबाजारात जा किंवा घराजवळच्या किराणा दुकानात, त्या दिवसाचे भाव या आकड्यांना लावून पाहिले की चित्र स्पष्ट होते. हरभरे आणि बदाम यांच्या प्रथिनांत जवळजवळ फरक नाही, दामांत मात्र कित्येक पटींचा आहे. तूरडाळ कडाडली म्हणजे डाळ परवडत नाही, असा अर्थ होत नाही. हरभरे, सुके वाटाणे, मसूर हे सहसा तुरीपेक्षा स्वस्त मिळतात आणि शेंगदाण्याच्या उत्पादनात तर गुजरात देशात आघाडीवर आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटाच्या शिफारशीत दिवसाला माणशी ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत. दोन मोठी आणि दोन लहान माणसे असलेल्या घराला त्या हिशेबाने बेसन धरून महिन्याला आठ-नऊ किलो लागतात. हा आकडा पुष्कळांना मोठा वाटेल. तो मोठा वाटतो, यातच आपल्या ताटातली उणीव दिसते.

ही डाळ ताटात आणण्याचे मार्ग दोन्ही भाषांच्या स्वयंपाकघरांत तयार आहेत. गुजराती घरातली रात्रीची खिचडी-कढी घ्या. सालासकट मुगाची डाळ आणि तांदूळ एकत्र शिजतात, तेव्हा तांदळातली लायसिनची उणीव डाळ भरते आणि डाळीतली मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची उणीव तांदूळ भरतो. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे प्रमाण सांभाळावे. चार वाट्यांना एक केले की ती खिचडी नावापुरती राहते. सोबत आंबट ताकाची बेसन लावलेली कढी आली, की कॅल्शियम आणि आणखी थोडी डाळ पोटात जाते. मराठी घरातले पिठले-भाकरी, थालीपीठ, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि गुजराती घरातले मुठिये, ढेबरे, हांडवो यांचीही घडण अशीच आहे: धान्य, डाळ आणि पाला एकत्र. बडोद्याची शेव-उसळ साऱ्या गुजरातेत प्रसिद्ध आहे, तिचा कणाही सुक्या वाटाण्याची उसळ हाच आहे. गाडीवर खाताना वरची तेलकट तर्री, शेव आणि पाव भाव खाऊन जातात. घरी वाटाण्याचा वाटा दुप्पट केला, शेव चवीपुरती ठेवली, कांदा-कोथिंबीर आणि लिंबू सढळ हाताने घातले, की तीच डिश मुलांच्या आवडीचे पूर्ण जेवण होते.

रक्तासाठी लागणाऱ्या लोहाची गोष्ट वेगळी आहे, कारण ते पदार्थात असणे आणि शरीरात उतरणे यांत अंतर पडते. शंभर ग्रॅम बाजरीत साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. तेव्हा आठवड्यातले चार-पाच भात बाजरीच्या भाकरीने बदलले, तर खर्च फारसा न वाढता त्या जेवणांत धान्यातून मिळणारे लोह अनेक पटींनी वाढते. पण धान्य आणि डाळीतले लोह त्यांतल्याच फायटेट या घटकामुळे अडकून राहते. ते सोडवण्याचे उपाय फुकटच्या जवळपास आहेत. कडधान्याला मोड आणले की फायटेट घटते. आंबवल्यानेही घटते. जेवताना लिंबू पिळले, आवळ्याची चटणी घेतली किंवा हिवाळ्यात जेवणासोबत पेरूच्या फोडी खाल्ल्या, तर क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. याच्या उलट, जेवणाला लागून घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. चहा सोडायची गरज नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले की झाले. पालेभाज्यांतही असेच फुकटच्या जवळपासचे पोषण मिळते. शेवग्याच्या शंभर ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात १२०च्या आसपास. शेवग्याच्या शेंगा आपण विकत आणतो आणि पाला झाडावरच सोडतो. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने, बीटची पाने आपण भाजीवाल्याच्या टोपलीत टाकून येतो. खंडेराव मार्केटमध्ये हिवाळ्यात मेथी, तांदुळजा, पालक यांचे ढीग लागतात. त्या तीन-चार महिन्यांत पालेभाजी रोज करावी आणि पावसाळ्यात ती महागली की लाल भोपळा, गवार, दोडका यांच्याकडे वळावे.

एवढे सगळे घ्यायचे, तर पैसे कुठून आणायचे? केंद्र सरकारच्या २०२३–२४च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चापैकी सुमारे ११ टक्के खर्च पेये, बाहेरचे खाणे आणि तयार पदार्थ यांवर होत असल्याचे दिसले. धान्यावरचा खर्च चार टक्क्यांहूनही कमी होता. बाहेरचे खाणे, बिस्किटे, फरसाण, वेफर, थंड पेये, नूडल्स अशा या गटाचा वाटा धान्याच्या दुपटीहून मोठा झाला आहे, आणि कात्री लावायची खरी जागा इथे आहे. दुसरी जागा तेलाची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चौघांच्या घरात ते महिन्याला सव्वातीन किलो होते. गुजरातेत सिंगतेलाचा पंधरा किलोचा डबा भरण्याची रीत आहे. या हिशेबाने तो डबा साडेचार महिने पुरायला हवा. तो अडीच-तीन महिन्यांत संपत असेल, तर तिथे वाचणाऱ्या पैशांतून कडधान्यांचा बराच खर्च भागेल. तिसरी जागा मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींची. त्यांत साखरेचा वाटा मोठा असतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितले.

माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, खरा उपयोग कसा करावा, हे दाखवणारे महत्त्वाचे काम बडोद्यातच झाले आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्या काळात इथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. तिच्या अन्न व पोषण विभागात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर संशोधन केले. सात-आठ महिन्यांच्या बाळाचे पोट लहान असते. त्याला तांदळाची किंवा गव्हाची पेज द्यावी, तर ती शिजताना फुगून घट्ट होते आणि बाळ गिळत नाही. आई पाणी घालून ती पातळ करते, म्हणजे वाटी तीच राहते आणि अन्न निम्मे होते. गहू बारा तास भिजवून, दिवस-दीड दिवस मोड आणून, उन्हात वाळवून, मोड चोळून काढून, मंद आचेवर अगदी हलके भाजून दळले, तर त्या पिठात अमायलेज हे विकर भरपूर राहते. घट्ट शिजवलेली पेज आचेवरून उतरवून, गरम असतानाच त्यात चमचाभर हे पीठ ढवळले, की विकर स्टार्च तोडू लागते आणि पेज पाहता पाहता पातळ होते. मग पुन्हा एक उकळी द्यायची. पाणी न वाढवता पेज गिळण्याजोगी होते, म्हणजे तेवढ्याच वाटीतून बाळाला जवळजवळ दुप्पट अन्न मिळते. खर्च म्हणाल तर मूठभर गव्हाचा. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या मराठी घरांना ही कृती परकी वाटणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी जेमतेम ११.३ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो. त्या देशात हे पीठ अंगणवाडी-अंगणवाडीत शिकवले गेले पाहिजे.

या मांडणीवर पहिला आक्षेप वेळेचा असतो, आणि तो रास्त आहे. मोड आणणे, पाला निवडणे, भाकरी थापणे याला वेळ लागतो. कामावरून सातला घरी परतणाऱ्या बाईला पुडा फोडणे सोपे पडते. वेळेलाही किंमत असते आणि काटकसरीचे सल्ले देणारे ती बहुधा हिशेबात धरत नाहीत. पण यातला बराच वेळ वाचवता येतो. रात्री भिजवलेले कडधान्य कुकरमध्ये कोरड्याच्या तुलनेत फार कमी वेळात शिजते, गॅसही वाचतो. एका कुकरमध्ये दोन डब्यांत डाळ आणि भात, आठवड्यातून दोनदा मोड आणून फ्रिजमध्ये ठेवलेली मटकी, रविवारी निवडून कापडात गुंडाळलेली मेथी, यांनी रोजचे काम अर्ध्या तासावर येते. उरलेल्या वेळेचा प्रश्न मात्र युक्तीने सुटणार नाही. तो घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी भाजी निवडायला बसल्यानेच सुटेल. काटकसरीचा सगळा भार एकट्या गृहिणीच्या श्रमांवर टाकायचा, आणि त्या श्रमांना शून्य किंमत द्यायची, ही खोटी काटकसर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबाला मोड आणायला शिकवणे म्हणजे कमी मजुरीवर पांघरूण घालणे, असे काही जण म्हणतात. दिवसभर राबलेल्या माणसाला चवीचे चार घास खावेसे वाटले तर त्याला हिशेब सांगणारे आपण कोण, असेही विचारतात. चवीचा हक्क मान्यच केला पाहिजे. म्हणूनच फोडणी, चटणी, सणाचे गोडधोड, महिन्यातून एकदा गाडीवरची शेव-उसळ यांना वर मांडलेल्या हिशेबात जागा आहे. मजुरीबद्दलचे म्हणणेही खरे आहे. ज्या घरात भाडे आणि औषधपाणी भागवल्यावर काहीच उरत नाही, तिथे कोणतीही पाककृती कामाची नाही. तिथे रोजगार आणि शासन यांनीच पुढे आले पाहिजे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. गुजरातेत शाळेतले मध्यान्ह भोजन १९८४ मध्ये सुरू झाले. पण कायद्याचा भर गहू-तांदळावर आहे. भूक भागवायला ते लागतेच, रक्तक्षय हटवायला मात्र डाळ आणि बाजरी लागते. रेशनवर कडधान्य हा हक्क म्हणून, नियमित आणि पुरेसा मिळावा, ही मागणी काटकसरीच्या सल्ल्याला विरोधी नसून त्याचाच पुढचा भाग आहे. ज्ञान आणि मजुरी यांतले एक हवे म्हणून दुसरे नाकारण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याचा रुपया चुकीच्या जागी गेला तर त्याचे नुकसान सर्वांत जास्त होते.

शेवटी, बजेट कितीही नीट मांडले तरी ते ताटापर्यंत कसे पोचते, यावर सगळे अवलंबून आहे. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. तरीही अनेक घरांत उसळ आधी पुरुषांना आणि मुलांना वाढली जाते आणि बाई भांड्यात उरेल त्यावर भागवते. ते उरते बहुधा पातळ वरण आणि भात. गुजरातमध्ये रक्तक्षय स्त्रियांत ६५ टक्के आणि पुरुषांत साधारण चौघांत एक असण्यामागे शरीराचा भेद आहे, तसा वाढण्याचा हा क्रमही आहे. पुढच्या महिन्याची यादी करताना पहिल्या तीन ओळींत कडधान्य, पालेभाजी आणि दूध-ताक लिहा आणि त्यांचे पैसे वेगळे ठेवा. मग जेवायला सगळे एकत्र बसा, आणि घरातल्या बाईच्या ताटात उसळीची पूर्ण वाटी आधी वाढा.